वाचनाची श्रेणी नेमकी कशाची?

प्रश्न : माझी मुलगी ठाण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत शिकते. घरी ती सतत काही ना काही वाचत असते, तरीही पहिल्या सत्राच्या प्रगतिपत्रकात तिला मराठीत ‘ब-2’ श्रेणी मिळाली. प्रकट वाचनात ती अडखळते आणि वाचन-नोंदवहीत दहा पुस्तके अपेक्षित असताना तिने तीनच नोंदवली आहेत, असे शिक्षिकांनी सांगितले. या दहा पुस्तकांविषयी आम्हांला आधी काहीच ठाऊक नव्हते. श्रेणी बदलून मागावी का?
— एक पालक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : श्रेणी बदलून मागू नका, ती कशी ठरली, हे मात्र अवश्य विचारा, कारण ते जाणून घेणे हा पालकांचा हक्कच आहे. राज्यात 2010 पासून लागू असलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सातवीसाठी आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे सत्रभर वर्गातील कामावरून होणाऱ्या मूल्यमापनाला, 40 आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरीच्या मूल्यमापनाला 60 गुण असतात, आणि त्या साठांपैकी 50 लेखी परीक्षेचे असतात. ‘ब-2’ म्हणजे 61 ते 70 टक्के. प्रकट वाचन आणि नोंदवही यांचा वाटा प्रामुख्याने आकारिक गुणांत, तोही तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय अशा इतर साधनांच्या बरोबरीने येतो. त्यामुळे तुम्हांला सांगितलेली दोन्ही कारणे खरी असली, तरी केवळ तेवढ्याने श्रेणी इतकी खाली येणे कठीण आहे. मुलीची लेखी उत्तरपत्रिका आधी पाहा. उताऱ्यात थेट सापडणारी उत्तरे तिने लिहिली, पण ‘तुमच्या शब्दांत लिहा’ किंवा ‘तुमचे मत लिहा’ अशा प्रश्नांना एका ओळीत उरकले, असे तर झाले नाही ना? भरपूर वाचणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे मी अनेकदा पाहिले आहे. समजलेले लिहून दाखवावे लागते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

अडखळण्याचा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रकट वाचन आणि आकलन ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि एकाच्या उणिवेचा दोष दुसऱ्यावर टाकला, की मूल वाचनापासूनच दुरावते. घरी एक करून पाहा. तिने न वाचलेला पानभर मजकूर तिला मूकपणे वाचू द्या आणि पुस्तक मिटून त्यातले सांगायला सांगा. मग तेच पान मोठ्याने वाचून घ्या. सांगताना ती नीट सांगत असेल आणि वाचताना केवळ घाईने शब्द गाळत असेल, तर तिची नजर आवाजाच्या पुढे धावते आहे, एवढाच त्याचा अर्थ. विरामचिन्हांपाशी थांबून रोज पाच मिनिटे वाचण्याने ते सुधारते. जोडाक्षरांवर आणि लांब सामासिक शब्दांवरच ती थबकत असेल, तर त्या शब्दांचा स्वतंत्र सराव हवा. घरी उत्तम वाचून वर्गात मात्र आवाज बसत असेल, तर उणीव वाचनाची नाही, भीतीची आहे, आणि ते शिक्षिकांच्या कानावर घालायलाच हवे.

दहा पुस्तकांच्या अटीविषयी माझे मत स्पष्ट आहे. अपेक्षा सत्राच्या आरंभी मुलांना आणि पालकांना सांगितलेली नसेल, तर तिच्यावर गुण कापणे योग्य नाही. शिवाय पुस्तकांची नुसती संख्या मोजणे मला कधीच पटलेले नाही. शिक्षिका म्हणून सुरुवातीच्या वर्षांत मीही ती मोजत असे, आणि मुले मलपृष्ठावरचा मजकूर नोंदवहीत उतरवून आणत. पुढे मी एकाच पुस्तकाविषयी तीन गोष्टी विचारू लागले : कोणता प्रसंग लक्षात राहिला, कोणत्या पात्राचे वागणे पटले नाही आणि का, आणि कोणता शब्द नवीन भेटला. ज्याने पुस्तक वाचलेले असते, त्याला ही उत्तरे द्यायला फारसा वेळ लागत नाही.

शिक्षिकांना भेटताना तक्रारीचा सूर नको. वर्गात साठ मुले असतील, तर प्रत्येकाचे वाचन ऐकायला त्यांना किती वेळ मिळत असेल, हेही ध्यानात घ्या. प्रगतिपत्रकातील वर्णनात्मक नोंद त्यांच्याकडून समजून घ्या, आणि दुसऱ्या सत्रात वाचनासाठी काय अपेक्षित आहे व त्याला किती गुण आहेत, हे मुलीच्या वहीत लिहून देण्याची विनंती करा. मुलीलाही सोबत न्या. घरी वाचलेल्या पुस्तकांपैकी एखादे तिने बाईंना दाखवावे आणि त्याविषयी दोन मिनिटे बोलावे. तिचे जे वाचन नोंदवहीत आलेले नाही, ते बाईंपर्यंत पोहोचण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.