माझ्या दुकानाच्या मेलपत्त्यावरून मी न पाठवलेले मेल लोकांना जात आहेत. संगणकात वर्म शिरलाय का? आणि जीएसटीसाठी घेतलेली डिजिटल सही मेलवर लावली तर हे थांबेल का?

तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींवरून मला वाटतं की तुमचा संगणक बहुधा स्वच्छ आहे. 'सेंट'मध्ये, म्हणजे पाठवलेल्या मेलच्या कप्प्यात, त्या मेलचा मागमूस नाही, ही एक. आणि ज्यांना तुम्ही जन्मात कधी लिहिलं नाही अशांना गेलेले मेल 'पोहोचला नाही' म्हणून तुमच्याकडे परत येतायत, ही दुसरी. चोर तुमच्या घरात शिरलेला नसावा, दुसऱ्याच गावात तो तुमचं नाव सांगत फिरतोय. तरी खात्री करून घ्या, ती कशी करायची ते पुढे लिहिते.

आधी माझी फजिती सांगते, कारण मीही एकदा नेमक्या याच जागी घसरले होते.

२००३ च्या ऑगस्टमध्ये मी नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात संगणक सांभाळत होते. सांभाळत म्हणजे प्रिंटरच्या शाईपासून सर्व्हरपर्यंत सगळंच. त्या महिन्यात सोबिग-एफ नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा उपद्रवी प्रोग्रॅम, जगभर सुटला होता. 'रि: डिटेल्स' किंवा 'थँक यू' असा विषय आणि सोबत पीआयएफ नाहीतर एससीआर शेपटीची (नावाच्या शेवटी, टिंबानंतर ती अक्षरं असलेली) फाइल. आमच्या स्टोअरमधल्या एका काकांच्या मेलपेटीत रोज ढिगाने निरोप यायला लागले, 'तुम्ही आम्हाला व्हायरस पाठवला आहे.' कुठल्या कुठल्या कंपन्यांचे अँटीव्हायरस ते आपोआप धाडत होते. मी काय केलं? काकांची नेटवर्कची वायर काढली, दोन दिवस त्यांचं मशीन तपासलं, आणि डबा खाताना सगळ्यांच्या देखत विचारलं, "काका, कसल्या कसल्या साइट बघता हो?" मशीनमध्ये काही म्हणजे काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी मला परत आलेल्या एका मेलचा हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची सहसा न दिसणारी नोंद, वाचायची बुद्धी झाली. मेल निघाला होता पुण्यातल्या एका पुरवठादाराच्या मशीनवरून. त्यांच्याकडे काकांचा पत्ता होता, कारण काका त्यांना चलनं पाठवायचे. सोबिग-एफ बाधित मशीनमधल्या फाइली चाळून पत्ते गोळा करायचा, त्यातल्या एकाला प्रेषक ठरवायचा आणि बाकीच्यांना पत्रं धाडायचा. काकांचा दोष एवढाच की त्यांचा पत्ता त्या यादीत होता. पुढे महिनाभर त्यांनी माझ्यासोबत चहा घेतला नाही, आणि बरोबरच होतं त्यांचं.

हे इतकं सोपं का आहे, ते समजून घ्यायचं तर आंतरदेशीय पत्र आठवा. मागच्या बाजूला 'पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता' अशी जागा असते. तिथे मी तुमचं नाव लिहून पत्र पेटीत टाकलं तर पोस्टमन विचारायला येत नाही. आणि ज्याला पाठवलं तो सापडला नाही तर पत्र परत कुणाकडे जाणार? तुमच्याकडे, माझ्याकडे नाही. ईमेलची मूळ वहिवाट १९८२ साली ठरली. तेव्हा नेटवर्कवर होती ती मुख्यतः विद्यापीठं आणि संशोधन संस्था, एकमेकांना ओळखणारी माणसं. प्रेषकाच्या रकान्यात जो मजकूर असेल तो खरा धरायचा, असंच ते बेतलेलं आहे.

आता खात्रीचं. परत आलेल्या मेलसोबत मूळ मेल जोडलेला असेल तर तो उघडून हेडर बघा (जीमेलमध्ये तीन टिंबांखाली 'शो ओरिजिनल'). त्यात 'रिसीव्हड' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी असतात, त्या खालून वर वाचायच्या. ते पत्रावरचे पोस्टाचे शिक्के समजा. खालच्या ओळी पाठवणारा बनावट घालू शकतो. ज्या सर्व्हरने तो मेल नाकारून परत पाठवला, त्याने स्वतः उमटवलेल्या शिक्क्यावर भरवसा ठेवायचा. तिथे तुमच्या मेलसेवेचा सर्व्हर दिसत नसेल तर कुणीतरी नुसतं नाव वापरलंय. दिसत असेल तर मामला वेगळा, मग खातंच कुणाच्या तरी हातात गेलंय. 'सेंट' रिकामं आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, आत शिरलेला माणूस पाठवून झाल्यावर पुसूनही टाकतो. संगणकावर जीमेल उघडलं तर अगदी खाली कोपऱ्यात 'लास्ट अकाउंट ॲक्टिव्हिटी' दिसते, तिथे अनोळखी ठिकाण आहे का बघा. सेटिंगमध्ये तुम्ही न केलेला फिल्टर किंवा फॉरवर्डिंगचा पत्ता आहे का, तेही बघा. पासवर्ड बदलला तरी तो फॉरवर्डिंगचा पत्ता तसाच राहतो आणि लोक नेमके तेच विसरतात. पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी लावा, हे तुम्हाला आधीच दहा जणांनी सांगितलं असेल.

राहिला वर्म. व्हायरस आणि वर्म हे शब्द आपण सरमिसळ वापरतो. वर्म म्हणजे जो स्वतःच्या पायांनी एका मशीनवरून दुसऱ्यावर जातो. १९८८ च्या २ नोव्हेंबरला कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म पहिला गाजला. तो युनिक्स मशीनमधल्या मेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आणि आणखी एका प्रोग्रॅमच्या चुकांमधून, शिवाय सोपे पासवर्ड ओळखून आत शिरायचा. एका मशीनमध्ये आपण आधीच आहोत हे कळलं तरी सातातून एकदा तो पुन्हा शिरायचा, आणि त्यामुळेच मशीनं गुदमरली. २००३ च्या जानेवारीतल्या स्लॅमर या वर्मला तर मेलही लागला नाही, माणसाची क्लिकही नाही. फक्त ३७६ बाइटचा तुकडा, आणि दहा मिनिटांत जगभरची बहुतेक असुरक्षित मशीनं त्याने गाठली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधीच दिली होती. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय या वर्मचंही तेच, दुरुस्ती १४ मार्च २०१७ ची आणि वर्म १२ मेचा. तेव्हा विंडोजचं अपडेट 'उद्या करू' म्हणून ढकलू नका, विशेषतः दुकानातल्या बिलिंगच्या मशीनवर. ते सगळ्यात जुनं असतं आणि दिवसभर चालू असतं.

आता तुमचा खरा प्रश्न, सहीचा.

जीएसटीचं टोकन (तुमची डिजिटल सही ज्यात असते ती पेनड्राइव्हसारखी वस्तू) मेलला लावता येऊ शकतं. प्रमाणपत्रात तोच ईमेल पत्ता नोंदलेला हवा, आणि आउटलुक किंवा थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम हवा, ब्राउझरमधल्या साध्या जीमेलमध्ये ते जमणार नाही. सही केली की दोन गोष्टी सिद्ध होतात: हा मेल या किल्लीच्या (टोकनातल्या, सही करणाऱ्या गुप्त आकड्याच्या) धन्याकडून आला, आणि वाटेत त्यात काना-मात्राही बदललेला नाही. चांगली गोष्ट आहे. पण तुमच्या नावाने बनावट मेल पाठवणारा सही करणारच नाही, त्याला काय पडलंय! त्याचा मेल बिनसहीचा जाईल, आणि समोरचा 'अरे, आज सही नाही' म्हणून थांबेल का? तुमचे गिऱ्हाईक थांबणार नाहीत, कारण त्यांना येणाऱ्या बाकीच्या सगळ्या मेलवर कुठे सही असते?

दुसरी अडचण जास्त खोल आहे. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेला 'आय लव्ह यू' वर्म आठवतो का? त्यात प्रेषकाचं नाव मुळीच खोटं नव्हतं. तुमच्या ओळखीच्या माणसाच्या आउटलुकमधून, त्याच्याच खात्यावरून, त्याच्या पत्त्यांच्या वहीतल्या प्रत्येकाला तो मेल जायचा. जोडलेल्या फाइलीचं नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. विंडोज शेवटची शेपटी लपवायची (आजही मुळात लपवतेच, पहिल्यांदा ती सेटिंग बदला), म्हणून लोकांना दिसायची साधी टेक्स्ट फाइल. समजा त्या काळी प्रत्येकाचा मेल आपोआप सही होऊन जात असता, तर हा वर्मही खऱ्याखुऱ्या, तपासून बघितलं तर बरोबर निघणाऱ्या सहीनिशी गेला असता. मेल कुणाकडून आला एवढंच सही सांगते. आत पेढे आहेत की सुतळी बाँब, ते सांगत नाही.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. हल्ली व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी फाइल) येते, किंवा आरटीओचा दंड म्हणून. एकाने ती फोनवर बसवली की पुढच्यांना ती त्याच्याच नंबरवरून, त्याच्याच डीपीसकट जाऊ शकते. आता मावसभावाच्या नंबरवरून पत्रिका आली तर कोण संशय घेणार? पंचवीस वर्षांपूर्वीचं प्रेमपत्र लग्नापर्यंत पोहोचलं, दुसरं काय! पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते. ती 'इन्स्टॉल करू का' असं विचारायला लागली तर मावसभावाला फोन लावा.

सहीच चोरीला जाते, तो प्रकार आणखी निराळा. इराणमधल्या नतान्झच्या अणुप्रकल्पावर सोडलेला स्टक्सनेट हा वर्म २०१० मध्ये उघडकीला आला. त्याच्या फाइलींवर तैवानच्या रियलटेक आणि जेमायक्रॉन या दोन कंपन्यांच्या अस्सल किल्ल्यांची सही होती. किल्ल्या चोरलेल्या, सही शंभर टक्के बरोबर, विंडोजने विनातक्रार आत घेतलं. आपल्याकडे इतक्या लांब जायचीही गरज नाही. मी एका सीएंच्या ऑफिसात पन्नासेक अशिलांची टोकनं श्रीखंडाच्या डब्यात ठेवलेली पाहिली आहेत, प्रत्येकावर पिनचा आकडा चिकटपट्टीने लावलेला. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने डिजिटल सहीला कागदावरच्या सहीचा मान दिला, आणि आपण ती श्रीखंडाच्या डब्यात ठेवली. तुमचं टोकन कुठे आहे ते आज एकदा बघून घ्या.

म्हणजे तुमच्या टोकनाने हा त्रास थांबणार नाही. थांबवणारी गोष्ट वेगळी आहे, आणि तुमचा पत्ता दुकानाच्या स्वतःच्या डोमेनवर (पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावर) आहे म्हणून ती तुमच्या हातात आहे. तीन नावं लिहून घ्या: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क. एसपीएफ म्हणजे 'आमच्या नावाने फक्त हे सर्व्हर मेल पाठवतील' अशी जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक जाणाऱ्या मेलवर तुमच्या डोमेनची सही, जी सर्व्हर स्वतः करतो, तुम्ही टोकन घालायला नको. डीमार्क म्हणजे या दोन्हींत नापास झालेल्या मेलचं काय करायचं याबद्दल तुम्ही जगाला दिलेली सूचना, आणि ती गिऱ्हाइकाला दिसणाऱ्या प्रेषकाच्या पत्त्याशी जुळवून पाहिली जाते. आंतरदेशीयच्या मागचा तो रकाना इथे पहिल्यांदा कुणीतरी तपासतं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गुगल आणि याहू घाऊक मेल पाठवणाऱ्यांकडून या तिन्ही गोष्टी मागतात, त्यामुळे डोमेन विकणाऱ्या कुणालाही हे शब्द नवे नसतात. तिन्ही नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये (त्या नावाच्या जाहीर नोंदवहीत) साध्या मजकुरासारख्या लिहायच्या असतात.

एवढंच करा, की पहिल्या दिवशी डीमार्क 'रिजेक्ट'वर (नापास मेल सरळ नाकारा) ठेवू नका. आधी 'नन'वर (काहीच अडवू नका) ठेवा आणि अहवालासाठी एक पत्ता द्या. तुमच्या नावाने कुठून कुठून मेल निघतात याचे अहवाल मोठ्या मेलसेवा तुम्हाला धाडायला लागतील. दोन-तीन आठवडे ते बघा. तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर, वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म, दिवाळीच्या ऑफरचे मेल पाठवणारी एजन्सी, हे सगळे तुमच्या नावाने पाठवत असतात आणि कुणाला ते आठवत नाही. त्यांचे सर्व्हर यादीत घाला, मग 'क्वारंटाइन' (संशयित म्हणून बाजूला ठेवा), मग 'रिजेक्ट'. घाई केलीत तर चोराच्या आधी तुमचीच बिलं अडकतील, आणि गिऱ्हाईक म्हणेल, बिल आलंच नाही, पैसे कसले देऊ?