वापरायच्या भांड्याला अवॉर्ड मिळतं का?

प्रश्न: मी कोल्हापूरच्या बापट कॅम्पातली, मातीचे मग, वाट्या करते. घरचे म्हणतात अवॉर्ड फक्त शोपीसला, खरंय का?

उत्तर: अजिबात नाही ताई! जपानात मिनो भागातली मातीकामाची इंटरनॅशनल स्पर्धा १९८६ पासून आहे, तिथं कलाकृतीसोबत सिरॅमिक डिझाइनलाही मान मिळत आलाय, आणि इटलीतल्या फाएन्झा शहरातली सिरॅमिकची स्पर्धा तर १९३८ पासूनची, सुरुवातीला फक्त देशापुरती. पण आधी तुमचा मग तपासा, स्टोनवेअर म्हणजे जास्त तापवून घट्ट केलेली मातीची भांडी साधारण १२०० ते १३०० डिग्रीला भाजतात, तेवढं तापलं नाही तर भांड्याची माती पाणी पिते, म्हणून ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, नसलेला भाजलेला तुकडा कोरडा वजन करा, उकळा, पुसून परत वजन करा, फरक दिसला की कळतंय. ग्लेझमध्ये शिसं नकोच. कान पण बघा, भरल्या चहासकट बोटात नीट बसला पाहिजे, मला तर हेच सगळ्यात अवघड वाटतं.