स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्याचं करिअर कसं असतं? लेकीला त्यात जाऊ द्यावं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नाशिकला सिडकोत राहता आणि लेक बीएससीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपूर्वी तिची आजी स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेली, निदान झाल्यावर जेमतेम चार महिन्यांत. तेव्हापासून 'मी यावरच संशोधन करणार' हे तिने धरून ठेवलंय. यात किती वर्षं जातात, पोट भरतं का आणि शेवटी हाताला काय लागतं, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी या विषयात बारा वर्षं काढली. पीएचडी इथे केली, पोस्टडॉक परदेशात, आणि आता नाशिकला परत येऊन कॉलेजात शिकवते. म्हणून जे पाहिलं ते सांगते.

वर्षांचा आणि पैशाचा हिशोब आधी उरकून घेऊ. बीएससीनंतर दोन वर्षं एमएससी, मग नेट-जेआरएफ (पीएचडीसाठी फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा), पीएचडीची पाच-सहा वर्षं आणि पुढे तीन ते पाच वर्षं पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या लॅबमध्ये संशोधन. स्वतःची लॅब मिळेपर्यंत पस्तिशी उजाडतेच. जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरची फेलोशिप, झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडं भत्ता. पण ते दर महिन्याला येतीलच असं धरून चालू नका. माझी फेलोशिप एकदा सात महिने अडकली होती. तेव्हा खोलीचं भाडं वडिलांनी द्राक्षाच्या पैशातून भरलं. जवळपासच बघायचं तर खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र आहे, पुण्यात एनसीसीएस आणि आयसर या संशोधन संस्था आहेत. मन लावून अभ्यास करणाऱ्या मुलीला तिथे जागा मिळू शकते.

आता मूळ गोष्ट, कारण हा आजार कसा चालतो ते कळल्याशिवाय त्याच्यावर काम करणाऱ्याचं आयुष्य कळायचं नाही.

आम्ही निफाड तालुक्यातले. आमच्याकडे द्राक्षाच्या दोन छाटण्या होतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. घड दिसतो ऑक्टोबरनंतर, पण काडीच्या डोळ्यात तो धरला जातो खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांतच. त्या वेळी बाहेरून बघणाऱ्याला काडी ती काडीच दिसते. स्वादुपिंडाचा कॅन्सर मला कायम तसा वाटत आलाय. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ख्रिस्टीन आयाकोबुझिओ-डोनाह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णांच्या गाठींमधले जनुकीय बदल मोजून २०१० साली एक हिशेब मांडला. पहिल्या बिघाडापासून खरी कॅन्सरची पेशी तयार व्हायला दहाएक वर्षं लागतात. ती दूर पसरण्याजोगी व्हायला आणखी पाचेक वर्षं, आणि त्यानंतर माणूस सरासरी दोन वर्षांत जातो. तुमच्या आईच्या त्या चार महिन्यांमागे अशी कितीतरी मुकी वर्षं होती. स्वादुपिंड जठराच्या मागे, पार पाठीकडे दडलेलं असतं, हाताला लागत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. तुम्ही लिहिलंय, 'आम्हीच उशीर केला का?' नाही हो. तुम्ही उशीर केला नाही.

अशा आजारावर काम करणारा माणूस 'औषध शोधतो' असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो एक बारीक प्रश्न धरतो आणि त्याच्याबरोबर म्हातारा होतो. उदाहरण द्यायचं तर सिडनीच्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू साउथ वेल्समधल्या प्राध्यापक मिनोती आपटे यांचं देईन. मी पहिल्यांदा त्यांचा पेपर उघडला तेव्हा आधी आडनावाकडेच बघत बसले होते.

हा कॅन्सर कापला तर सुरीखाली कच्च्या पेरूसारखा घट्ट लागतो. कारण गाठीचा बहुतांश भाग कॅन्सरच्या पेशींचा नसतोच, तो व्रणासारख्या तंतूंचा असतो. हे तंतू कोण विणतं, हा आपटे यांचा प्रश्न. १९९८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या स्वादुपिंडातून ताऱ्याच्या आकाराच्या पेशी वेगळ्या काढून वाढवून दाखवल्या. जर्मनीत उल्मला मॅक्स बाखेम यांनीही त्याच वर्षी तेच केलं. या पेशींना स्टेलेट सेल म्हणतात. निरोगी स्वादुपिंडात त्या शंभरात चारेक असतात, अ जीवनसत्त्वाचे थेंब पोटात घेऊन गप्प बसलेल्या. इजा झाली की जाग्या होतात, थेंब टाकून देतात आणि तंतू विणायला लागतात.

मी त्या स्वतः वेगळ्या केल्यात, म्हणून सांगते. ऊती विरघळवून, गाळून, नळीत घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की बाकीचं खाली बसतं. चरबीमुळे हलक्या असलेल्या या पेशी वर राहतात, दुधावर विरळ साय धरावी तशा. ती साय पिपेटने उचलायची. अतिनील प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की निळसर-हिरवे ठिपके चमकतात आणि डोळा स्थिरावेपर्यंत विझायला लागतात. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी निफाडला फोन करून आईला उठवलं. तिला काही कळलं नाही, पण ती रडली.

आपटे तिथे थांबल्या नाहीत. पुढच्या बारा वर्षांत प्रश्न थोडा सरकला: कॅन्सर दूर पसरतो तेव्हा या पेशी मागेच राहतात का? २०१० साली त्यांच्या लॅबमधून आलेला प्रयोग मी दर वर्षी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. कॅन्सरच्या पेशी एका बाईच्या घेतल्या, स्टेलेट पेशी पुरुषाच्या. दोन्ही मिळून मादी उंदराच्या स्वादुपिंडात सोडल्या. मग दुसऱ्या अवयवांत पसरलेल्या गाठींमध्ये फक्त पुरुषांच्या पेशींत असणारं वाय गुणसूत्र शोधलं, आणि ते सापडलं. उंदीर मादी, कॅन्सर बाईचा, मग वाय आलं कुठून? स्टेलेट पेशी कॅन्सरबरोबर प्रवास करून तिथे पोचल्या होत्या. एवढा साधा प्रयोग सुचायला माणसाने त्या पेशीबरोबर किती वर्षं काढावी लागत असतील, याचा विचार तुमच्या लेकीने जरूर करावा.

आणि याच प्रश्नाने पुढे सगळ्यांना कसं चकवलं, तेही तिने वाचायला हवं. २००९ साली डेव्हिड ट्यूवसन या कॅन्सर संशोधकाच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं की तंतूंची भिंत औषधाने पातळ केली तर केमो आत पोचते आणि उंदीर जास्त जगतात. सगळं क्षेत्र आनंदलं होतं. त्याच धर्तीचं औषध माणसांवर तपासायला घेतलं, आणि २०१२ मध्ये चाचणी थांबवावी लागली, कारण औषध घेणारे रुग्ण लवकर दगावत होते. २०१४ साली रघु कल्लुरी यांच्या आणि आणखी एका गटाने उंदरांमध्येच दाखवलं की ही ऊती काढून टाकली तर कॅन्सर उलट जास्त आक्रमक होतो. म्हणजे ज्या भिंतीला शत्रू समजलो, तीच काही अंशी त्याला आवरून धरत होती. २०१७ मध्ये ट्यूवसन यांच्याच लॅबने भिंतीतल्या या पेशींचे वेगवेगळे स्वभाव दाखवले: काही तंतू विणणाऱ्या, काही दाह वाढवणारे संदेश सोडणाऱ्या. स्वतःच्याच लॅबच्या आशादायक निष्कर्षाला आठ वर्षांनी स्वतःच मुरड घालणं मला पहिल्या शोधाहून मोठं वाटतं. माझी पीएचडी याच वर्षांत चालली होती. अर्धा प्रबंध ज्या गृहीतकावर उभा होता ते पायाखालून सरकताना मी पाहिलंय.

सगळंच असं मोठं नसतं. एका दिवाळीत इन्क्युबेटरला जोडलेला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपला आणि तो बदलायची ज्याची पाळी होती तो गावी गेला होता. भाऊबिजेनंतर परतले तर पेशी ज्यात वाढवतात ते केशरी-लाल मीडियम जांभळट गुलाबी पडलेलं. आतल्या पेशी गेल्या होत्या. त्या एका रुग्ण बाईच्या ऑपरेशनमधून मिळाल्या होत्या. मला तिचं नाव कधीच कळलं नाही, फक्त क्रमांक माहीत होता: ०१७. तिने सही करून आपल्या गाठीचा तुकडा आम्हाला दिला होता आणि तोवर ती हयात नव्हती. दुसऱ्यांदा तिच्याकडे मागायची सोय नव्हती. मी त्यानंतर सुट्टीतही सिलिंडरचा काटा बघितल्याशिवाय लॅब सोडली नाही. तुमची लेक या कामात आली तर अशा क्रमांकांची जबाबदारी तिच्यावर येईल.

हाताला काय लागतं, हे तुम्ही विचारलंत. अमेरिकेत आज निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास आहे. आकडा लहान आहे, हे मला मान्य आहे. पण नव्वद टक्क्यांहून अधिक गाठींमध्ये बिघडलेलं केरास हे जनुक 'याला औषध लागूच शकत नाही' म्हणून तीन दशकं सोडून दिल्यासारखं होतं. २०१३ साली केव्हन शोकाट यांनी त्याच्या एका प्रकारात औषध अडकवायला खाच शोधली आणि २०२१ मध्ये त्या प्रकारावरचं पहिलं औषध फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. स्वादुपिंडात तो प्रकार शंभरात एक-दोन रुग्णांतच असतो. तिथे जो जास्त आढळतो त्यावरच्या औषधांच्या चाचण्या आता चालल्या आहेत. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात विनोद बालचंद्रन यांनी १६ रुग्णांना त्यांच्याच गाठीवरून बनवलेली एमआरएनए लस दिली. २०२३ साली छापलेल्या निष्कर्षांत त्यातल्या आठ जणांच्या शरीराने तिला प्रतिसाद दिला होता. आठ ही संख्या फार मोठी नाही. पण ही आठ माणसं आहेत, आणि मी पीएचडीला लागले तेव्हा असं काही लिहिता आलं नसतं.

आजीसाठी म्हणून या वाटेला लागणं बरोबर आहे का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पहिली दोन-तीन वर्षं ते दुःख तिला ओढून नेईल. त्यानंतर तिला पेशीची स्वतःचीच ओढ लागायला हवी, नाहीतर फसलेल्या प्रयोगांच्या सातव्या-आठव्या महिन्यात ती स्वतःला आजीची अपराधी समजून बसेल. माझ्या शेजारच्या बाकावरच्या मुलीचं असं झालेलं मी पाहिलंय, आणि ती माझ्याहून हुशार होती.

म्हणून आत्ताच हो-नाही ठरवू नका. उन्हाळ्यात तिला कुठल्याही जीवशास्त्राच्या लॅबमध्ये दोन महिने राहू द्या, भांडी धुवायला लागली तरी चालेल. त्याआधी ओळखीच्या एखाद्या पॅथॉलॉजिस्टला विनंती करून तिला स्वादुपिंडाच्या कॅन्सरची एक स्लाइड दाखवा. गुलाबी तंतूंच्या पसाऱ्यात जांभळ्या पेशींची चार-दोन वेडीवाकडी वर्तुळं दिसतील. तिला काही न सांगता दहा मिनिटं बघू द्या. ती त्या वर्तुळांबद्दल विचारते की मधल्या गुलाबी जागेबद्दल, ते मला इथेच खाली कळवा.