नाशिकमध्ये आमच्या शाळेत दोन मुलांना गोवर निघाला आहे. शाळा बंद ठेवावी का? अभ्यासाचं काय?

नाही, तेवढ्यासाठी सगळी शाळा बंद करायची गरज नसते. पण महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्राला आजच कळवा, तपासणीच्या अहवालासाठी थांबू नका. गोवर पुरळ दिसायच्या 4 दिवस आधीपासून पुढे 4 दिवसांपर्यंत पसरतो. म्हणजे पुरळ दिसेस्तोवर शेजारच्या बाकावर संपर्क होऊन गेलेला असतो. त्यामुळे कुलूप लावण्यापेक्षा वर्गातल्या प्रत्येकाचे गोवर-रुबेला लशीचे 2 डोस झालेत का, हे पाहणं जास्त मोलाचं. 2022 मध्ये मालेगावात साथ आली तेव्हाही खरा भर लसीकरणावरच होता.

आजारी मुलाला सुरुवातीला अभ्यास देऊच नका. गोवरात डोळे लाल होतात, उजेड सहन होत नाही, मोबाईल तर नकोच. ताप उतरल्यावर बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात; फोन नसेल तर गृहपाठाचा कागद पालकांनी गेटवरून न्यावा.

पेठ-सुरगाण्याकडच्या निवासी आश्रमशाळांना हे जसंच्या तसं लागू नाही. तिथे मुलाला एसटीने पाड्यावर पाठवू नका; वेगळ्या खोलीत ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलवा.