मत्स्य विद्यापीठात खरंच संशोधन होतं का नुसते पेपर छापतात? आणि सांगलीच्या माणसाला त्याचं काय?

तुम्ही लिहिलंय की मुलगी बीएफएससी (मत्स्यविज्ञानाची पदवी) झालीय, आता मुंबईत वर्सोव्याच्या सीआयएफईत म्हणजे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत एमएफएससी (त्यातलीच पदव्युत्तर पदवी) आणि जमलं तर पीएचडी करायची म्हणतीय, आणि तुम्हाला शंका आहे की तिथं खरंच काही काम होतं का पेपरची भरती चालते, शिवाय आपण पलूसची माणसं, समुद्राशी आपला संबंध काय. मी झुऑलॉजी शिकवतो, घरची जमीन मिरज तालुक्यात कृष्णाकाठी, त्यातली बरीचशी क्षारपड. त्यामुळं जरा लांबलचक लिहितोय, वाचा.

संस्था 1961 सालची, 1979 पासून आयसीएआरकडं म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेकडं, 1989 ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुख्य कॅम्पस मुंबईत समुद्राजवळ पण केंद्रं बघा कुठं कुठं आहेत, काकीनाडा आणि कोलकाता ठीक आहे, पण पवारखेडा मध्यप्रदेशात, मोतिहारी बिहारमध्ये आणि रोहतक हरियाणात. रोहतकला कुठला आलाय समुद्र? तरी माझ्या मते आपल्या जिल्ह्यासाठी सगळ्यात कामाचं संशोधन तिथंच झालंय, त्यावर खाली येतो.

आधी पेपरचं. स्कोपस किंवा गुगल स्कॉलर या शोधनिबंध शोधायच्या साइटवर संस्थेचं नाव टाकलं की आकडा येतो, पण त्या आकड्यावरून निर्णय घेऊ नका. त्यात माशांचं खाद्य, रोग, जेनेटिक्स, मासळी प्रक्रिया, अर्थशास्त्र, विस्तार (म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवणं) सगळं एकत्र असतं, आणि खाद्यावरचा टाकीतला साठ दिवसांचा प्रयोग लवकर छापून होतो तर तळ्यावरचं काम सीझन सीझन चालतं. म्हणजे जिथं मेहनत जास्त तिथंच पेपर कमी दिसतात. त्यापेक्षा कृषिकोश उघडा, आयसीएआरचं थिसिसचं भांडार आहे, सीआयएफईचे थिसिस तिथं मिळतात. एका गाईडचं नाव घ्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे थिसिस वर्षाच्या क्रमानं लावा. एकाचं उत्तर पुढच्याचा प्रश्न होतोय का ते बघा. दरवर्षी मासा बदलून तोच प्रयोग चालला असेल तर कितीही पेपर असू देत, मी तिथं पोरीला पाठवणार नाही.

आता रोहतक. हरियाणात जमिनीखालचं पाणी खारं, वर मीठ फुटतं, पीक येत नाही. आपल्या वाळवा, मिरज, पलूसमध्ये उसाला पाणी पाजून पाजून निचरा संपला आणि जमीन पांढरी झाली, तिकडं कारण थोडं वेगळं पण रान शेवटी तसंच दिसतं. सीआयएफईच्या लोकांनी तिथं लाहलीला तळी केली आणि त्या पाण्यात कोळंबी वाढते का हे बघायला घेतलं. नुसतं खारटपणा मोजून कोळंबी सोडली तर ती मरते. शेपटीचं मांस पांढरं पडतं, अंग वाकतं ते परत सरळ होत नाही. कारण हे की समुद्राचं पाणी आणि विहिरीचं खारं पाणी चवीला सारखं लागलं तरी आतलं गणित वेगळं असतं, जमिनीतल्या पाण्यात पोटॅशियम फार कमी असतं. कोळंबीच्या कल्ल्यांमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप त्याच्यावर चालतो, पोटॅशियम नाही तर तिला अंगातलं मीठ सांभाळता येत नाही, स्नायू आखडतात.

यातनं जे उत्तर निघालं ते आपल्या प्रत्येक ऊसवाल्याच्या घरात पोत्यात भरून ठेवलेलं आहे, म्युरेट ऑफ पोटॅश! हिशोब असा की पाण्याची क्षारता पीपीटीमध्ये (लिटरला किती ग्रॅम क्षार) घ्यायची आणि तिला 10.7 नं गुणायचं, तेवढं मिलिग्रॅम पोटॅशियम दर लिटरला पाहिजे. 10 पीपीटीला 107. मॅग्नेशियमला 39.1 नं आणि कॅल्शियमला 11.6 नं गुणायचं. समजा एक एकराचं तळं, सव्वा मीटर पाणी, म्हणजे साधारण पाच हजार घनमीटर, आणि पोटॅशियम लिटरला 20 मिलिग्रॅमनं वाढवायचंय, तर शंभर किलो पोटॅशियम लागतं. पोटॅशच्या पोत्यात निम्मंच खरं पोटॅशियम असतं म्हणून दोनशे किलो, पन्नास किलोची चार पोती. उसाला टाकतो त्या हिशोबात बसणारी गोष्ट आहे ही.

2009 ला व्हॅनामी ही परदेशी जातीची कोळंबी भारतात रीतसर आली आणि मग हे काम टाकीतनं बाहेर पडून हरियाणाच्या शेतकऱ्यांच्या रानात गेलं, पुढं पंजाबच्या मुक्तसर, फाजिल्काकडं आणि राजस्थानात चुरूकडंही पसरलं. पंजाबात तिथल्या पशुवैद्यकीय विद्यापीठानंही यावर काम केलंय, सगळं श्रेय एकट्या संस्थेला देत नाही मी. पण ज्या रानात काहीच येत नव्हतं तिथं माणसं कोळंबी विकायला लागली, संशोधन म्हणजे मी तरी हेच समजतो. आपल्या जवळचं उदाहरण पाहिजे तर आंबेगावच्या डिंभे धरणात पिंजऱ्यात मत्स्यबीज वाढवायचं काम याच संस्थेनं तिथल्या आदिवासींबरोबर केलंय.

पण एक कळकळीनं सांगतो, हे वाचून कुणी क्षारपड रानात जेसीबी लावू नका. हरियाणाची गाळाची माती आणि आपली काळी माती यात फार फरक आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पोटॅशियम धरून ठेवते, पाण्यात टाकलेलं पोटॅश तळाची माती खाऊन टाकते, म्हणजे आपल्याला परत परत द्यावं लागणार आणि चार पोत्यांचा हिशोब तिथं पुरणार नाही. दुसरं, आपल्या विहिरींचं पाणी तितकं खारं बहुतेक ठिकाणी नसतं. समुद्राच्या पाण्याचा ईसी (विद्युत वाहकता, यावरनं खारटपणा कळतो) 50 च्या आसपास, आपल्याकडं 4-5 आला तरी रान गेलं म्हणतो, आणि पाण्याचा 5 ईसी म्हणजे जेमतेम 3 पीपीटी. व्हॅनामी तेवढ्यावर जगू शकते पण चूक झाली तर सावरायला जागा फार कमी. आपली जमेची बाजू एकच, तिकडच्यासारखी थंडी नाही, तिकडं हिवाळ्यात तळी बंद ठेवावी लागतात. आणि तळ्याचं खारं पाणी ओढ्यात किंवा शेजाऱ्याच्या सरीत सोडायचं नाही, ते कुठं जाणार हे आधी ठरवा मगच खड्डा काढा. ज्या रानात सच्छिद्र पाईपचा निचरा करून ऊस परत येऊ शकतो तिथं आधी निचराच करा, त्यासाठी कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन विचारा.

आणि म्हणूनच मला वाटतं तुमच्या पोरीनं जावं. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पोटॅशियमचं नेमकं काय होतं, किती दिवसांनी परत टाकायचं, हा अख्ख्या पीएचडीचा विषय आहे आणि तो हरियाणातला माणूस आपल्यासाठी करणार नाही. तिला सांगा की प्रवेशाच्या आधीच गाईडला मेल कर, मागच्या विद्यार्थ्यांचं काम वाचलंय हे त्यात दिसू दे आणि आपल्या रानाचा प्रश्न मांड. कोचीचं केरळ मत्स्य आणि समुद्र अभ्यास विद्यापीठ आणि तामिळनाडूत नागपट्टिणमचं मत्स्य विद्यापीठही बघून ठेवा, फॉर्म भरायला काय हरकत आहे.

तोवर तुमच्या विहिरीचं पाणी तपासून घ्या. नुसता पीएच आणि ईसी नको, सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराईड आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल मारायची ताकद) वेगवेगळं मागा, आणि सॅम्पल उन्हाळ्यात एक अन पावसाळ्यानंतर एक असे दोनदा द्या. रिपोर्ट आला की इथंच खाली आकडे टाका, बसून हिशोब करून देतो.