हॅमची परीक्षा : सोपी करा की नीट करा?

हौशी रेडिओच्या (हॅम, म्हणजे छंद म्हणून स्वतःच्या सेटवरून बिनतारी बोलणं) परवान्याचे वर्ग आणि परीक्षा बदलाव्यात का, या विषयावर कोकणातून बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतली आहेत.

रिस्ट्रिक्टेडला बसू की थेट जनरलला? दोन वर्गांत खरा फरक किती? (बारावीतली विद्यार्थिनी, दापोली)

आपल्याकडे सध्या हे दोनच वर्ग आहेत, आणि वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की कोणालाही बसता येतं. रिस्ट्रिक्टेडचा पेपर एका तासाचा असतो. त्याचे दोन भाग, एक रेडिओ तंत्राचा आणि दुसरा नियमांचा. प्रत्येक भागात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. जनरलचा पेपर दोन तासांचा, तिथे हेच आकडे ५० आणि ५५ होतात आणि वर मोर्सची, म्हणजे ठिपके-रेघांच्या संकेतलिपीची परीक्षा असते. रिस्ट्रिक्टेड न देता थेट जनरल देता येते.

'प्रत्येक भागात' ही अट नीट लक्षात ठेवा. विज्ञान शाखेची मुलं तंत्राच्या भागावर भिस्त ठेवतात आणि नियम आदल्या रात्री चाळतात. तंत्रात ९० मिळाले आणि नियमांत ३५, तर सरासरी कितीही छान असली तरी नापासच. क्यू-कोड (नेहमीच्या वाक्यांची तीन अक्षरी रूपं), ध्वन्यक्षरं (अल्फा, ब्राव्हो अशी अक्षरांची नावं) आणि बँडच्या, म्हणजे वापरायच्या लहरींच्या पट्ट्यांच्या मर्यादा रोज थोड्या लिहून काढा.

फरकाचं म्हणाल तर एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लांब पल्ल्याच्या लहरींवर) रिस्ट्रिक्टेडला ५० वॅट, जनरलला ४००. ऐकायला आठपट वाटतं, पण समोरच्याच्या एस-मीटरवर, म्हणजे सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर, ते ९ डेसिबल, म्हणजे दीड एस (मीटरवरचं दीड घर). यातले काही डेसिबल तर चुकीच्या केबलमध्येही जातात. आरजी-५८ या बारीक जातीची १५ मीटर केबल १४५ मेगाहर्ट्झवर साधारण ३ डेसिबल खाते, म्हणजे निम्मी ताकद ऍन्टेनापर्यंत पोचतच नाही. तेव्हा आधी रिस्ट्रिक्टेड काढा, चांगली ऍन्टेना बांधा आणि मोर्स बाजूने शिकत राहा.

जनरलसाठी मोर्स अजून कशाला? जगाने सोडलं ना? (निवृत्त शिक्षक, मालवण)

आंतरराष्ट्रीय नियमांतली मोर्सची सक्ती २००३च्या जागतिक रेडिओ परिषदेत निघाली आणि निर्णय प्रत्येक देशावर सोपवला गेला. अमेरिकेने फेब्रुवारी २००७मध्ये ती पूर्ण काढली. आपल्या जनरलला मिनिटाला आठ शब्दांचा वेग लागतो. पाच अक्षरांचा एक शब्द धरला तर पाच मिनिटांत २०० अक्षरं घ्यायची, आणि पाचपेक्षा जास्त चुका झाल्या की बाद.

आमचं मत असं की मोर्स अट म्हणून जावं, पण गुणांच्या रूपाने राहावं. क्षीण सिग्नलवर आवाज कळत नाही तिथे मोर्स कळतं, लहान सेट आणि कमी बॅटरीवर काम भागतं, हे तंत्रदृष्ट्या खरंच आहे. पण ज्याला उत्तम ऍन्टेना बांधता येते, निरोप अचूक पोचवता येतो, त्याला निव्वळ कानाच्या वेगासाठी खालच्या वर्गात अडकवून ठेवणं अन्याय आहे. तुम्ही शिकवणार असाल तर अक्षरं पहिल्यापासून १५ शब्दांच्या वेगाने ऐकवा आणि मधली जागा लांब ठेवा. सावकाश वाजवलं की मुलं ठिपके-रेघा मोजायला लागतात, आणि वेग वाढला की तिथेच अडतात.

२०२१च्या पुरात मोबाइल बंद पडले होते. आपत्तीसाठी स्वयंसेवकांना परीक्षेशिवाय परवाना द्यावा का? (दुकानदार, चिपळूण)

तळमळ पटते. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतरही दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे वीज आणि फोन दोन्ही नव्हते. तरीही परीक्षा काढू नये. ती नेमकी काय तपासते ते बदलावं.

बाहेरच्या देशांत प्रवेशाचे, म्हणजे नवशिक्यांसाठीचे परवान्याचे वर्ग बरेच निघाले आहेत. जर्मनीने जून २०२४मध्ये १० वॅटचा नवखा वर्ग सुरू केला, ब्रिटनने त्याच वर्षी फाउंडेशन या पहिल्या वर्गाची मर्यादा १० वरून २५ वॅट केली. अमेरिकेत पहिल्या वर्गाला ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास. प्रश्नसंच उत्तरांसकट खुला असतो आणि दर चार वर्षांनी बदलतो. लोक पाठ करतील, ही भीती खरी आहे. पण तो संच ३५ गटांत विभागलेला असतो आणि प्रत्येक गटातून एकच प्रश्न येतो. एखादा विषय सोडून द्यायची सोय राहत नाही. असा खुला संच आपल्याकडेही हवा, मराठीत हवा.

आणि त्याला अर्ध्या तासाचं प्रात्यक्षिक जोडावं. ब्रिटनमध्ये फाउंडेशनला प्रात्यक्षिक असायचं, २०२०मध्ये घरबसल्या परीक्षा सुरू झाल्या आणि ते सुटलं. आपण ते सोडू नये, कारण कोकणात जे बिघडतं ते कागदावर दिसत नाही. ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली सरळ तारेची ऍन्टेना घ्या. १४२.५ भागिले ७.१ मेगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे २० मीटर तार. प्रत्येक बाजू छाटायला थोडी जास्त ठेवून १०.३० मीटर कापायची, दोन पोफळींमध्ये पाच-सहा मीटर उंचीवर ताणायची आणि एसडब्ल्यूआर (ऍन्टेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) बघत टोकं थोडी थोडी छाटायची. उंची कमी म्हणून हळहळू नका. सिग्नल सरळ वर जाऊन खाली येतो आणि दुपारी सह्याद्री ओलांडून पुणं-सातारा गाठतो, जे व्हीएचएफच्या (साधारण सरळ रेषेत जाणाऱ्या लहरींच्या) हँडसेटला खाडीकाठच्या वाडीतून जमत नाही. रात्री ४० मीटर जवळच्या गावांसाठी मरतो, तेव्हा ८० मीटर बँड लागतो आणि तार दुप्पट.

आता परीक्षकाने विचारावं : दोन पावसाळे झालेत, एसडब्ल्यूआर पूर्वीपेक्षा चांगला दिसतो, पण कोणी ऐकत नाही. का? खाऱ्या वाऱ्याचं पाणी कनेक्टरमधून केबलीत शिरतं, तांब्याची जाळी हिरवी-काळी पडते, केबल ताकद गिळते आणि परतीची लाट मीटरपर्यंत येतच नाही. मीटर खूश, स्टेशन मुकं. उपाय म्हणजे केबलचं टोक अर्धा मीटर कापून जाळी बघायची, काळी असेल तर केबलच बदलायची. नव्या कनेक्टरवर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून खालून वर गुंडाळायची आणि केबलला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल.

दुसरी कसोटी निरोपाची. पंचवीस शब्दांचा मजकूर, त्यात एक गावाचं नाव, एक औषध आणि एक आकडा. तो तिसऱ्या स्टेशनपर्यंत जसाच्या तसा गेला पाहिजे. 'पंधरा' आणि 'पन्नास' यांत गफलत झाली की औषधाच्या पट्ट्या चुकतात, म्हणून आकडे सुटे सुटे सांगायचे : एक, पाच.

हे जमलं की प्रवेशाच्या वर्गाला २० वॅट पुरेत, आणि तेही फक्त २ मीटर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) आणि ४० मीटर बँडवर.

होडीवर हॅमचा सेट ठेवला तर चालेल का? (मच्छीमार, हर्णै)

मासळीचा भाव, बर्फ, डिझेल यांसाठी नाही. हौशी सेवेवर धंद्याचं बोलणं चालत नाही. होडीसाठी सागरी व्हीएचएफ सेट घ्या. संकटाचा पुकारा १६ नंबरच्या चॅनेलवर, १५६.८ मेगाहर्ट्झवर होतो. बाजारातल्या हॅम हँडसेटची बँडची मर्यादा 'उघडून' तो त्या चॅनेलवर लावू नका. अशा सेटला सागरी मंजुरी नसते, आणि पाण्यात पडला की बहुतेक सेट लगेच मरतात.