थंडीतल्या उन्हाचा एक शब्द

प्रश्न : नमस्कार ताई, आमचे आजोबा जानेवारीत रोज सकाळी कानटोपी घालून बाल्कनीत बसतात आणि ऊन सरकलं की खुर्ची पण तेवढीच सरकवतात. त्यांचा फोटो स्टेटसला टाकला तर मैत्रिणीने रिप्लायमध्ये एकच शब्द पाठवला, अ‍ॅप्रिसिटी. हा काय शब्द आहे, आला कुठून, आणि मराठीत त्याला काही आहे का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

उत्तर : मैत्रिणीने शब्द अगदी जागेवर वापरलाय! अ‍ॅप्रिसिटी म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. नुसतं ऊन नाही हं, अंगात गारठा भरलेला असताना पाठीवर ऊन आलं की जे बरं वाटतं ना, ते. हेन्री कॉकरॅमच्या १६२३ च्या इंग्रजी डिक्शनरीत हा शब्द आहे, पण पुढे तो कोणी फारसा वापरलाच नाही आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, इतका गोड शब्द.

मूळ लॅटिन. 'अप्रिकुस' म्हणजे मोकळी, ऊन येणारी जागा, त्यावरून 'अप्रिकारी' म्हणजे उन्हात शेकत बसणं. रोमन लेखक सिसेरोने इसवीसनपूर्व ४४ मध्ये म्हातारपणावर लिहिलं त्यात याच शब्दावरून झालेलं नाम येतं, तो म्हणतो की या वयात ऊब घ्यायला शेतावरचं ऊन नाहीतर शेकोटी, याहून चांगली जागा कुठे मिळणार! तुमच्या आजोबांना हे जरूर वाचून दाखवा. आणि गंमत बघा, याच मुळातून स्पॅनिशमध्ये 'आब्रिगो' झाला, त्याचा अर्थ चक्क थंडीचा कोट, आणि १७३७ पर्यंत आपल्या ठाण्यावर राज्य केलेल्या पोर्तुगीजांच्या भाषेत तोच शब्द निवारा या अर्थाने आहे. म्हणजे उन्हाची ऊब गेली, राहिला फक्त आडोसा.

मराठीत 'कोवळं ऊन' लगेच आठवतं, संस्कृतात 'बालातप', पण दोन्ही सकाळच्या वेळेचे शब्द, थंडी असो नसो. मला विचाराल तर आपल्याकडे नाम नाही, क्रियापद आहे, ऊन खाणं. मागच्या थंडीत तलावपाळीच्या कट्ट्यावर एक आजी शाल खांद्यावरून खाली घेऊन, पाठ उन्हाकडे करून बसल्या होत्या, नात घरी चल म्हणून हात ओढत होती तर म्हणाल्या, "थांब गं, जरा ऊन खाऊ दे." मैत्रिणीला रिप्लाय द्यायचा असेल तर तेवढंच लिहा, आजोबा ऊन खातायत.